भिंतीकडची जागा

११ फेब्रुवारी

फादर काल आईला मरणाआधीचं शेवटचं पवित्र तेल लावून गेले. जाताना दारात मला म्हणाले, "ताई, आईंबद्दल आठवेल ते लिहून ठेवत जा. दफनाच्या मिस्सेनंतर, प्रार्थना संपली की, दोन शब्द तुम्हीच बोलायचे. ऐनवेळी काही सुचत नाही." म्हणजे माणूस आत खोलीत श्वास घेतोय आणि आम्ही भाषणाच्या तयारीला लागलो. पण फादरचं चुकलं असं नाही. आई ब्याण्णव वर्षांची आहे, महिन्याभरापासून अंथरुणाला खिळली आहे आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. म्हणून आजपासून लिहायला बसले.

बसले खरी, पण लिहायचं काय? मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात उभा जन्म काढला. चादरीवरचा डाग कशाचा आहे आणि तो कोणत्या पाण्यात निघेल ते मी झोपेतही सांगेन. माणसाबद्दल लिहिणं हे वेगळं काम. त्यात आईबद्दल सगळं गाव चांगलंच बोलतं, ही आणखी एक पंचाईत. चांगल्या माणसाबद्दल चार वाक्यांच्या पुढे गाडी जात नाही.

तरी मुद्दे असे. आईने शिवणकाम करून तिघांना वाढवलं: दादा, धाकटा आणि मी. धाकटा परदेशात असतो, रविवारी फोनवर रडतो. दादा बांधकामाचा कंत्राटदार. मी लग्न केलं नाही, आईजवळ राहिले. आई कुणावर ओरडली नाही, हे मात्र खोटं. माझ्यावर रोज ओरडायची.

१३ फेब्रुवारी

आज वहिनी दुपारभर बसली. आईचा डोळा लागल्यावर आम्ही दोघी बाटलीची आठवण काढून हसलो. हे भाषणात घ्यायचंच.

आईच्या पर्समध्ये कायम औषधाची एक रिकामी बाटली असायची, त्यात साधं पाणी. ओळखीत कुठेही बाळंतपण असो, आई हजर. बाळ जरा निळसर दिसलं, रडायला उशीर केला, की आईने डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा उरकलाच. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही. दादाच्या मुलीच्या वेळी तर पोर चांगली गुटगुटीत होती. वहिनी टाके घातलेल्या अवस्थेत ओरडली होती, "अहो आई, हिला काय धाड भरलीये? भिजवली ना पोर!" आईने शांतपणे बाटलीचं बूच लावलं आणि म्हणाली, "वाट बघू नये." मागचे फादर चर्चमध्ये रीतसर बाप्तिस्मा देताना आईकडे बघून विचारायचे, "काय, माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय की नाही?" सगळे हसायचे. आई हसायची नाही. तिला थट्टा फारशी कळायची नाही.

१६ फेब्रुवारी

दादा आला होता. आल्याबरोबर कामाचं बोलायला लागला, त्याला दुःख झालं की तो कामाचं बोलतो. बाबांच्या कबरीवरचा जुना दगड काढून नवा संगमरवरी बसवायला टाकलाय. आजी, बाबा आणि आई, तिघांची नावं. आईची तारीख तेवढी कोरायची ठेवलीय. मी म्हटलं, "दादा, आई अजून आहे रे." तर म्हणाला, "कारागीर मिळत नाहीत छोटे, आत्तापासून सांगून ठेवावं लागतं." छोटी म्हणे. मी आता निवृत्त होईन.

त्या कबरीत एकच जागा उरली आहे. खाली आजी, तिच्यावर बाबा, वर एक पेटी मावेल. बाबांनी कबर माझ्या नावावर केली होती. हिचं लग्न होत नाही, निदान शेवटी तरी हक्काची जागा असू दे, हा त्यांचा विचार. हे ऐकून तेव्हा मी बाबांशी बरेच दिवस बोलले नव्हते. आता त्या जागेवर आई जाणार हे सगळ्यांनीच धरून चाललंय, मीही.

जाताना दादा आईच्या कपाटावरचा फोटो पुसून गेला. आईच्या नव्वदीला त्याने स्वतःच्या खर्चाने चर्चला पार्किंग बांधून दिलं, त्याचा फोटो. दफनभूमीच्या भिंतीपलीकडे नुसतं रान माजलं होतं, तिथे डांबर घालून पांढरे पट्टे ओढले. आईच्या नावाची पाटी. आई फीत कापतेय, दादा शेजारी छाती काढून उभा. आता आईचा आडमुठेपणा असा, की स्वतःच्या नावाचं पार्किंग असून एकदाही तिथे गाडीतून उतरली नाही. तिथून चर्चचं दार दोन पावलांवर, पण नाही. पुढच्या फाटकाशी सोडा, मी चढ चढून येते. गुडघे गेलेले, धाप लागलेली, दर रविवारी दादाशी वाद. म्हातारपणी माणूस कशावर अडून बसेल सांगता येत नाही.

१९ फेब्रुवारी

आज आई पूर्ण शुद्धीवर होती. मी तिचे केस विंचरत होते. म्हणाली, "मला बाबांच्या कबरीत ठेवू नका."

मी म्हटलं, "बरं."

"भिंतीकडे ठेवा. पार्किंगच्या भिंतीला अगदी लागून."

मी म्हटलं, "हो हो, ठेवू."

तिने माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "नुसती मान डोलवू नकोस. कबर तुझ्या नावावर आहे. तू नाही म्हटलंस तर कुणाचं काही चालणार नाही. आणि दादाला का ते सांगायचं नाही."

"का ते मलाच कुठे माहीत आहे?"

"मग बरंच आहे," म्हणाली आणि डोळे मिटले.

औषधाचा परिणाम असणार. परवा तिला खिडकीत मांजर दिसत होतं. तरी दिवसभर ते डोक्यातून जात नाही. भिंतीकडची जागा म्हणजे ज्यांचं कुणी नाही अशांची. बेवारस माणसं तिथे पुरतात. साऱ्या गावाच्या बाळांना मांडीवर घेतलेली बाई तिथे कशाला?

२२ फेब्रुवारी

कामावरून येताना वाट वाकडी करून दफनभूमीत गेले. खड्डे खणणारा भेटला. त्याचा बापही हेच करायचा. भिंतीकडे जागा आहे का विचारलं. म्हणाला, "जागा हवी तेवढी, पण घेतंय कोण? ओल असते. कुणासाठी हवीय?" मी उगाच म्हटलं, धुलाईखान्यातल्या एका बाईसाठी.

पलीकडे पूर्वी काय होतं म्हणून विचारलं, तर त्याने फावडं बाजूला ठेवलं. "पोरं होती. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेली. पूर्वीचे फादर त्यांना आत घेत नव्हते. बाप सांगायचा, लोक खोक्यात घालून आणायचे, कुणी फळांच्या, कुणी बुटांच्या. वर खूण करायची नाही, असा नियम."

म्हटलं, "मग डांबर घातलं तेव्हा तू बोलला नाहीस?"

"मला कोण विचारतंय? तुमचे दादा आले, मशीन आलं, दोन दिवसांत सपाट."

दादाला हे माहीत असतं तर त्याने तिथे कुदळही लावली नसती. तो मुंगीवर पाय पडला तरी हळहळतो.

२५ फेब्रुवारी

मावशीकडे जाऊन आले. आईची धाकटी बहीण, आता तीही थकली आहे, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. मी सरळच विचारलं, "मावशी, आईला भिंतीकडे का जायचंय?"

मावशीने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या दादाच्या आधी एक मुलगी झाली होती."

एवढ्या वयात हे पहिल्यांदा ऐकत होते.

मावशी तेव्हा शाळकरी होती, बाळंतपणात हाताशी म्हणून आली होती. बाळ आठव्या महिन्यातलं, मुठीएवढं, श्वास लागत नव्हता. आईने पाणी मागितलं. मावशीने पेला भरून आणलासुद्धा. पण आजी, बाबांची आई, दारात उभी राहिली. "बाईच्या हातचा बाप्तिस्मा लागत नाही. पाप लागेल. फादर येतायत, वाट बघ." बाबा सायकल घेऊन फादरना आणायला गेले होते. आईने वाट बघितली. पेला उशाशी, बाळ छातीवर. फादर आले तेव्हा बाळ गार झालं होतं.

"मग फादर म्हणाले, आता पाणी घालून उपयोग नाही, आणि आत पुरताही येणार नाही," मावशी म्हणाली. "तुझ्या बाबांनी खोकं काखेत मारलं आणि भिंतीपलीकडे नेलं. नाव नाही, काही नाही. बाप्तिस्म्याशिवाय नाव कसलं?"

पुढच्या वर्षी नवे फादर आले. त्यांनी रविवारच्या शिकवणीत सांगितलं की बाळ मरणाच्या दारात असेल तर कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो, अगदी आईसुद्धा. तो बाप्तिस्मा पक्का. मावशी म्हणाली, "तुझी आई वर्गातून उठली आणि बाहेर जाऊन उलटी केली तिने."

मी घरी येऊन आईच्या पर्समधली बाटली काढून बघितली आणि खूप रडले. तेरा तारखेला हसत होते.

२७ फेब्रुवारी

फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन आले होते. मीच त्यांना आधी सगळं सांगितलं होतं, दादाला कळू न देण्याच्या बोलीवर. ते आईजवळ बसले आणि म्हणाले, "आई, चर्च आता तसं मानत नाही. ती लेकरं देवाच्या दयेत आहेत. तुमची मुलगी देवाजवळ आहे."

आईने त्यांच्याकडे बघितलं. आवाज अगदी बारीक झालाय. "मग त्यांना भिंतीच्या आत का नाही आणलं, फादर?"

फादर तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला, दुसरं काय करणार?

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "आणि ती फीत तू कशी ग कापलीस? एका शब्दाने म्हणाली असतीस."

"मला आदल्या दिवशी कळलं. डांबर पडून गेलं होतं. तो इतका खूश होता. आई, बघ, तुझ्या नावाने केलंय म्हणाला. हातात कात्री दिली. त्याला कळलं तर तो जगायचा नाही. त्याच्याच बहिणीवर... तू सांगणार नाहीस. शपथ घे."

मी घेतली. रोझरीच्या माळेवर हात ठेवून घेतली. मग तिने पाणी मागितलं, दोन चमचे प्यायली.

४ मार्च

आई पहाटे गेली. मी तोंड पुसायला फडकं भिजवून आणलं, तेवढ्यात.

खोलीतली चादर मी स्वतः बदलली. बाकीच्यांना हात लावू दिला नाही.

५ मार्च

जे करायचं होतं ते केलं.

सगळे बाहेरच्या खोलीत होते. दादा फोनवर दगडवाल्याला तारीख सांगत होता. मी म्हटलं, आईला बाबांच्या कबरीत ठेवायचं नाही. तिची इच्छा भिंतीकडच्या जागेची होती.

दादा म्हणाला, "कुणाची इच्छा? आईची? बाबा गेल्यापासून रोज त्यांच्या नावाने दिवा लावला तिने. का म्हणून?"

आता का ते सांगता येत नव्हतं. रात्रभर मी कारणं जुळवली होती. बाबांबद्दल काही वाईट सांगावं, तर मेलेल्या माणसावर आळ येतो. ताप डोक्यात गेला होता म्हणावं, तर दादा म्हणणार, मग तिचं ऐकायचं कशाला? एकच कारण असं होतं की ज्यावर कुणाला पुढे विचारताच येणार नाही. ते मी सांगितलं.

"ती जागा मला हवी आहे. बाबांनी माझ्या नावावर केलीय. उद्या मी मेले की मला कुठे टाकणार तुम्ही? तुम्हाला बायकापोरं आहेत, तुमच्या कबरी होतील. मला ती एकच आहे. मी देणार नाही."

वहिनीने तोंडावर हात ठेवला. धाकटा वहिनीच्या फोनवर होता, त्याचा आवाज आला, "ताई काय म्हणतेय?" वहिनीने फोन बंद केला.

दादा उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाला, "आईच्या जागेवर डोळा ठेवून बसली होतीस? एवढी वर्षं सेवा केलीस ती यासाठी?"

मी म्हटलं, "हो."

"मग तुझी जागा तुला लखलाभ. आजपासून मला बहीण नाही."

वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "वेड लागलंय का तुम्हाला? लोक तोंडात शेण घालतील. अजून वेळ आहे, शब्द मागे घ्या." मी भांडी घासत राहिले. वहिनी माझ्याशी इतकी वर्षं मैत्रिणीसारखी वागली. पण तिला सांगणं म्हणजे दादाला सांगणं.

६ मार्च

दफन झालं. चर्च भरून लोक बाहेर उभे होते. मी बसले त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

दोन शब्द दादा बोलला. फादरनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. दादा छान बोलला. शिवणयंत्राचं बोलला, चढ चढून येण्याचं बोलला आणि शेवटी बाटलीची गोष्ट सांगितली. लोक रडता रडता हसले. "माझ्या आईने देवाला कधी वाट बघायला लावली नाही," असं म्हणाला. मी समोरच्या बाकाची कड धरून ठेवली होती.

भिंतीकडे नेताना लोकांची कुजबुज मागून स्पष्ट ऐकू येत होती. खड्ड्यात खरंच ओल होती. पेटी खाली गेली तेव्हा दादा खड्डेवाल्यावर खेकसला, "हीच जागा मिळाली का तुला? गाड्यांच्या धुरात?" खड्डेवाला त्याच्या जवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाला. जागेबद्दल माफी मागत असणार बिचारा. मग सगळ्यांनी माती टाकली. दादाने मूठ भरून घेतली, पण टाकली नाही. भिंतीकडे बघत तसाच उभा राहिला. आईच्या पेटीवर मूठभर माती टाकावीशी वाटू नये इतका माझा राग? त्यात आईचा काय दोष?

पण झालं. आई आणि ती, मध्ये फक्त भिंत. दीड विटेच्या जाडीची असेल.

१९ मार्च

कामावर परत गेले. बायकांना सगळं कळलंय. माझ्याशी नीट वागतात, म्हणजे बोलत नाहीत. वहिनीचा फोन नाही. भाचीने रस्ता बदलला मला बघून.

मावशीची शेजारीण बाजारात भेटली. म्हणाली, दादा मावशीकडे गेला होता, अख्खी दुपार बसला आणि बाहेर आला तो कठड्याला धरून. माझ्याविरुद्ध मावशीचेही कान भरले तर. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्यात ओढायचं? मावशीकडे आता जाणार नाही. गेले तर तीही दोन शब्द सुनवेल, आणि तिच्याकडून ते ऐकवणार नाहीत.

७ एप्रिल

रविवार. चर्चला गेले तर पार्किंगमध्ये भिंतीलगतची सगळी रांग बंद केलेली. दोरी बांधलीय आणि मोठ्या कुंड्या आणून ठेवल्यात, फुलझाडांच्या. मी त्या रांगेच्या कडेनेच चालत जायचे, म्हणजे भिंतीला वळसा घालून आईकडे लवकर जाता यायचं. कुणी केलं विचारलं तर म्हणे, तुमच्या दादांनी, स्वतः आणून ठेवल्या कुंड्या, कुणाला हात लावू दिला नाही. मी तिथे जाऊ नये म्हणून एवढा उपद्व्याप. आईच्या नावाची पाटीही उतरवलीय. पाटी वाचून लोकांनी पलीकडची कबर बघू नये, असं वाटलं असणार. त्याची स्वतःची गाडी आता बाहेर रस्त्यावर असते. चढ चढत येतो, धापा टाकत. हट्ट कुणाचा घेतलाय वेगळं सांगायला नको.

फादरना म्हटलं, तुम्ही तरी समजवा त्याला. फादर काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. म्हणाले, "तुम्ही दोघं एकदा बसून बोला ना, ताई."

कशी बोलू?

५ मे

आज दादा आईच्या कबरीशी उभा होता. एकटाच. किती वाळलाय, शर्ट अंगावर लोंबत होता. मी फुलं घेऊन गेले होते, तो नसेल असं वाटून. मला बघून त्याने टोपी काढली. ओठ हलले. "छोटे," म्हणाला, "मला तुला एक विचारायचंय."

काय विचारणार ते उघड होतं: का केलंस असं. तो तसा समोर उभा, डोळे सुजलेले, आणि मी जर क्षणभर थांबले असते तर तोंडून सगळं गेलं असतं. म्हटलं, "विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. जागा माझी आहे." फुलं तिथेच टाकून निघाले. त्याने मागून दोनदा हाक मारली. मी वळले नाही.

घरी येऊन दार लावून घेतलं आणि मग रडले. पण तोंड उघडलं नाही. आईने आयुष्यभर जे जपलं ते मी जपलं. दादाला कधीच कळणार नाही.